दोन तासिका आल्टमनसाठी : नागपुरातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांना खुले पत्र

सर आणि मॅडम,

नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजांत आणि नीटच्या क्लासेसमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा मारलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. महाल, सक्करदरा, मानेवाडा, दिघोरी या भागांत माझा दिवस जातो. तुमच्यापैकी कुणाची माझी ओळख नाही, पण तुमचे विद्यार्थी मला सतत भेटतात. कुणाचा नातू असतो, कुणाची पुतणी, कुणाच्या शेजारचा मुलगा. मेंदूविषयी तुम्ही वर्गात जे सांगता ते ही मुलं घरी घेऊन येतात आणि घरातली मोठी माणसं त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून मागणं तुमच्याकडेच आहे. 'कंट्रोल अँड को-ऑर्डिनेशन'चा धडा संपला की दोन तासिका जोसेफ आल्टमन या शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीला द्या. मोठ्या उंदरांच्या मेंदूतही नव्या मज्जापेशी (न्यूरॉन) जन्मतात हे दाखवणारा तो हा माणूस.

परीक्षेत यावर प्रश्न येणार नाही, हे मला ठाऊक आहे. पोर्शन वेळेत संपवायची घाई किती असते, तेही बघितलं आहे. तरीही मागते आहे.

दक्षिण नागपुरातल्या एका घरी मी एका आजोबांकडे जात असे. उजवी बाजू गेलेली. लकव्याला सात-आठ महिने झालेले. हात कोपरात वाकून छातीशी चिकटलेला, बोटं मिटलेली, मनगट थोडंसं वर उचललं जायचं आणि अंगठा किंचित हलायचा. त्या किंचितवरच आमचं सगळं काम चालू होतं. नातू शेजारी बसून नीटचे प्रश्न सोडवत असायचा. एक दिवस आजोबा दमले, कळवळले, तेव्हा तो मायेनं म्हणाला, "आबाजी, काऊन येवढा तरास करून घेता? मेंदूच्या पेशी मेल्या तं मेल्या. नव्या येत नाही. क्लासमधी शिकवलं आमाले." आजोबांनी हात माझ्या हातातून काढून घेतला. आजी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "खरं हाय का जी मॅडम?"

मुलाचा मला राग आला नाही. आजोबांचे हाल त्याला बघवत नव्हते आणि त्याच्याकडे जे ज्ञान होतं ते त्यानं दिलं. पण पुढचं डोळ्यांसमोर आलं. हा मुलगा हुशार आहे. मेडिकल, मेयो, एम्स, इथल्या कुठल्या ना कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात लागेल. काही वर्षांनी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून तो एखाद्या वॉर्डात उभा असेल आणि समोर अशाच कुणाची तरी बायको असेल. सहा महिने झाले, आता काही फरक पडणार नाही, हे वाक्य माझ्या रुग्णांना कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं. सांगणारी माणसं वाईट नसतात. हे वाक्य कुठून आलं आणि त्यातलं किती खरं आहे, हे त्यांना कधी कुणी शिकवलेलं नसतं.

ते आलं आहे फार मोठ्या माणसाकडून. सान्तियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ, १९०६ चा नोबेल मानकरी. मज्जापेशीचं जे चित्र तुम्ही फळ्यावर काढता, ते मुळात त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं चित्र आहे. त्यानं १९१३-१४ च्या सुमारास लिहून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या, संपलेल्या, न बदलणाऱ्या असतात. तिथे सगळं मरू शकतं, काहीही पुन्हा जन्माला येत नाही. पुढे जवळजवळ शतकभर माणसं हेच वाक्य उद्धृत करत राहिली. त्यालाच लागून असलेलं काहालचं पुढचं वाक्य मात्र फार थोड्यांनी वाचलं. त्यात तो म्हणतो, हा कठोर निवाडा बदलता आला तर बदलणं हे भविष्यातल्या विज्ञानाचं काम आहे. मुलांना ही दोन्ही वाक्यं एकत्र सांगा, एवढंच केलंत तरी खूप होईल.

आता आल्टमन. जन्म १९२५, बुडापेस्ट. महायुद्धातून वाचलेला हंगेरीचा ज्यू. पुढे अमेरिकेत पोहोचला, न्यूयॉर्कमध्ये पीएच.डी. केली ती मानसशास्त्रात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत तो उंदरांच्या मेंदूवर काम करू लागला तेव्हा एक नवी पद्धत नुकतीच हाताशी आली होती. ही पद्धत तुमच्या मुलांना सहज समजेल, कारण तिचा पाया ते आधीच शिकलेले असतात. पेशी विभागण्याआधी एस फेजमध्ये डीएनएची नक्कल होते. त्या नकलेला थायमिडीन लागतं. थायमिडीनमध्ये साध्या हायड्रोजनच्या जागी किरणोत्सारी ट्रिटियम बसवून ते उंदराला टोचलं, तर त्या वेळेला ज्या पेशी विभागायच्या बेतात होत्या त्यांच्याच केंद्रकात ही खूण राहते. मग काही काळानं मेंदूचे पातळ काप घ्यायचे, त्यांवर फोटोच्या फिल्मवर असतो तसा इमल्शनचा थर द्यायचा आणि ते आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवून द्यायचे. किरणोत्सर्गानं थर जिथे उमटेल तिथे चांदीचे काळे कण दिसतात. कण ज्या केंद्रकावर, ती पेशी टोचल्यानंतर जन्मलेली.

आल्टमनला असे कण मज्जापेशींवर दिसले. उंदीर मोठे होते, पिल्लं नव्हती.

१९६२ मध्ये 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला. शीर्षकच प्रश्न होतं : प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नवे न्यूरॉन तयार होतात का? पुढे गोपाल दास त्याला येऊन मिळाले. भारतीय वंशाचा हा शास्त्रज्ञ आपल्याकडे जवळपास कुणालाच माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आल्टमन आणि दास यांचा १९६५ चा शोधनिबंध हिप्पोकॅम्पसवर आहे. स्मरणशक्तीशी जोडलेल्या या भागात, त्यातल्या डेंटेट गायरस नावाच्या पट्टीत, उंदीर जन्मल्यानंतरही नव्या पेशी येत राहतात, हे त्यांनी कापामागून काप मोजून दाखवलं. १९६७ मध्ये गिनीपिगमध्ये तेच. १९६९ पर्यंत आल्टमननं हेही दाखवलं होतं की मेंदूच्या आतल्या पोकळीच्या कडेला जन्मलेल्या पेशी लांबचा प्रवास करत पुढे गंधाच्या केंद्रापर्यंत जातात. १९७१ मध्ये दास आणि आल्टमन यांनी उंदराच्या पिल्लांच्या लहान मेंदूत (सेरेबेलममध्ये) मज्जापेशींच्या पूर्वपेशी रोपून त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं. आज ज्याला स्टेम सेलचं संशोधन म्हणतात, त्याच्या पायाजवळ हे काम आहे.

आणि यावर झालं काय? फारसं काहीच नाही. कुणी मोठा वाद घातला असता तर बरं झालं असतं. लोकांनी वाचलं आणि बाजूला ठेवलं. खूण दिसते आहे ती मज्जापेशीवरच कशावरून, शेजारच्या, मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशीवर नसेल कशावरून, असं म्हटलं गेलं. आक्षेप रास्त होता. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या दोन लहान पेशी वेगळ्या ओळखणं खरोखरच अवघड असतं. पण आक्षेप रास्त असेल तर प्रयोग पुन्हा करून बघायचा असतो, आणि तो करायला बरीच वर्षं पुढे आलं नाही कुणी. आल्टमन १९६८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात गेला, काम करत राहिला. पुढे पत्नी शर्ली बायर हिच्यासोबत मेंदूच्या वाढीचे मोठमोठे नकाशे त्यानं तयार केले.

१९७७ मध्ये मायकेल कॅप्लान या तरुण संशोधकानं त्या आक्षेपाचंच उत्तर शोधलं. त्यानं खूण असलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. तिथे शंका राहत नाही. त्या पेशींना मज्जापेशीच्या फांद्या होत्या, त्यांवर इतर पेशींनी केलेल्या जोडण्या होत्या. तरीही लोकांचा प्रतिसाद पूर्वीसारखाच थंड राहिला. कॅप्लान पुढे या क्षेत्रातून बाहेर पडला.

मग १९८५. येल विद्यापीठाचे पास्को राकिच हे या विषयातलं अतिशय वजनदार नाव. त्यांनी ऱ्हीसस माकडांवर ट्रिटियमचाच प्रयोग केला. प्रौढ माकडांच्या मेंदूत त्यांना एकही नवी मज्जापेशी सापडली नाही. त्यांनी एक विचारही मांडला. जो प्राणी आयुष्यभर शिकलेल्या गोष्टींवर जगतो त्याच्या मेंदूतल्या पेशी स्थिर असणं ही कदाचित गरजच असेल. विचार सुंदर आहे. मुलांना तो सांगाच, कारण चुकीची बाजूही किती विचारपूर्वक मांडलेली असू शकते हे त्यांना कळायला हवं. शिवाय राकिच सगळेच चुकीचे नव्हते. त्यावर पुढे येते.

हा बांध फुटला तो पक्ष्यांमुळे. न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबॉम कॅनरी पक्ष्यांच्या गाण्यावर काम करत होते. १९८३ मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन गोल्डमन यांनी दाखवलं की प्रौढ कॅनरीच्या मेंदूत, गाणं सांभाळणाऱ्या भागातच, नव्या मज्जापेशी येतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेनं या नव्या पेशींची विजेची चाहूल मोजली. आवाज दिला की त्या प्रतिसाद देत होत्या. म्हणजे पेशी नुसती जन्मलेली नव्हती, कामाला लागलेली होती.

त्याच विद्यापीठात काही वर्षांनी एलिझाबेथ गूल्ड उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मरणाऱ्या पेशी मोजत होती. मरणाऱ्या भरपूर दिसत होत्या, पण एकूण संख्या घटत नव्हती. मेलेल्यांची जागा कुणी तरी घेत असलं पाहिजे. ती ग्रंथालयात गेली आणि तिथे तिला आल्टमनचे, कॅप्लानचे जुने लेख सापडले. हा प्रसंग माझा सगळ्यात आवडता. तीस वर्षं धूळ खात पडलेला कागद एका तरुण संशोधिकेच्या हाती लागतो आणि तिच्या स्वतःच्या टेबलावरच्या आकड्यांशी जुळतो. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलीला सगळं शोधून झालंय असं वाटतं, तिला हे सांगा. गूल्डनं पुढे १९९८ मध्ये मार्मोसेट माकडांतही नव्या पेशी दाखवल्या, आणि ताण दिला की त्या कमी होतात हेही. त्यानंतरच्या वर्षी राकिच यांच्याच प्रयोगशाळेनं मकाक माकडांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या मज्जापेशी असल्याचं प्रसिद्ध केलं. स्वतःच्या नावाशी जोडल्या गेलेल्या निष्कर्षाची हद्द स्वतःच आखून देणं सोपं नसतं.

माणसाचं काय? स्वीडनच्या पीटर एरिक्सन आणि अमेरिकेच्या फ्रेड गेज यांनी १९९८ मध्ये पाच कॅन्सररुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ किती वेगानं वाढते हे बघण्यासाठी या रुग्णांना बीआरडीयू नावाचं द्रव्य दिलेलं होतं. तेही थायमिडीनसारखंच नव्या डीएनएत शिरतं. रुग्ण ५७ ते ७२ वयाचे होते. मृत्यूनंतर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये खूण असलेल्या मज्जापेशी मिळाल्या. मरण समोर असताना, कॅन्सरशी झुंजताना त्यांच्या शरीरात या पेशी जन्मल्या होत्या. त्या पाच जणांची नावं जगाला माहीत नाहीत, पण या सगळ्या गोष्टीत माझ्या लेखी त्यांचा वाटा कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा कमी नाही.

२०१३ मध्ये स्वीडनच्याच योनास फ्रिझेन यांच्या गटानं आणखी वेगळी वाट काढली. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं आणि चाचण्यांवर बंदी आल्यावर कमी होत गेलं. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेतलं प्रमाण तिच्या डीएनएत टिकून राहतं. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला की प्रौढ माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये दिवसाला साधारण ७०० नव्या मज्जापेशींची भर पडते. केमिस्ट्री आणि फिजिक्सच्या सरांनाही या तासिकेला बोलवा.

आल्टमनला दाद मिळाली ती २०११ मध्ये, स्पेनच्या प्रिन्स ऑफ अस्टुरियास पुरस्कारानं. तेव्हा तो ८५ च्या पुढे गेला होता. पुढच्या वर्षी जपानचा जीवशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार. २०१६ मध्ये तो गेला. पहिला लेख आणि ही दाद यांत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. गोपाल दास यांच्या वाट्याला तेही आलं नाही.

इथे थांबलात तर मुलांना एक गोड गोष्ट सांगितल्यासारखं होईल, आणि ते मला नको आहे. दुसरी तासिका मागते आहे ती पुढच्या भागासाठी.

२०११ चा तो पुरस्कार आल्टमनसोबत ज्यांना मिळाला, त्यांत आर्तुरो आल्वारेझ-बुइया होते. नॉटेबॉम यांचे विद्यार्थी, याच विषयात आयुष्य घातलेले. २०१८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेचा निबंध 'नेचर'मध्ये आला : माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या मज्जापेशी बालपणीच झपाट्यानं घटतात, प्रौढांत त्या सापडतच नाहीत. जगभर खळबळ. जेमतेम महिनाभरात न्यूयॉर्कच्या मॉरा बोल्ड्रिनी यांचा निबंध आला : ७९ वर्षांच्या माणसातही सापडतात. एकाच वर्षी, दोन नामांकित गट, दोन विरुद्ध उत्तरं.

यातली मख्खी कुठे असू शकते, हे २०१९ मध्ये माद्रिदच्या मारिया योरेन्स-मार्टिन यांनी दाखवलं. तरुण मज्जापेशी ओळखायला डबलकॉर्टिन हे प्रथिन बघतात. मेंदू टिकवण्यासाठीच्या द्रावणात तो किती वेळ राहिला, यावर हे प्रथिन दिसणार की नाही ते ठरतं. वेळ फार झाला की खूण पुसली जाते, पेशी तिथे असूनही. त्यांनी काळजीपूर्वक, थोडा वेळच टिकवलेले १३ जणांचे मेंदू पाहिले, वयं ४३ ते ८७. हजारो तरुण पेशी दिसल्या. अल्झायमर असलेल्यांत त्या कमी होत गेलेल्या आढळल्या.

तुमच्या प्रयोगशाळेत फॉर्मलिनच्या बरण्या आहेत. बेडूक, गोगलगाय, कुठे कुठे बकऱ्याचा मेंदूही. ती बरणी टेबलावर ठेवून मुलांना विचारा : या द्रावणात राहिल्यामुळे यातलं काय दिसेनासं झालं असेल? सापडलं नाही म्हणजे नाही, असं म्हणायच्या आधी काय काय तपासावं लागेल? मला वाटतं या एका प्रश्नातून मुलं जितकं विज्ञान शिकतील तितकं शंभर एमसीक्यू सोडवून शिकणार नाहीत. आल्टमनच्या वेळी खूण दिसली होती आणि लोक म्हणाले, तू बघतो आहेस ते वेगळंच काही आहे. २०१८ मध्ये खूण दिसली नाही आणि लोक म्हणाले, तू नीट बघितलंच नाहीस. दोन्ही वेळा शंका घेणं बरोबर होतं. फरक इतकाच की पहिल्या वेळी शंका घेऊन सगळे घरी गेले, दुसऱ्या वेळी कामाला लागले.

वाद मिटला का? २०२५ मध्ये फ्रिझेन यांच्या गटानं 'सायन्स'मध्ये दाखवलं की प्रौढ माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विभागणाऱ्या पूर्वपेशी आहेत, पण माणसामाणसांत फार फरक आहे. काहींत बऱ्याच, काहींत जवळपास नाहीतच. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला यात काम करायचं असेल तर जागा शिल्लक आहे. अमेरिकेलाच जायला हवं असंही नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी, ताण आणि नैराश्यावरची औषधं यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांनी मज्जारज्जूला इजा झाल्यावर माकडाच्या मेंदूतला हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाला कसा प्रतिसाद देऊ लागतो, याचा अभ्यास केला आहे.

आता त्या आजींच्या प्रश्नाकडे येते, कारण मी त्यांना काय उत्तर दिलं हे तुम्हाला सांगितलं नाही तर हे सगळं अर्धवट राहील.

मी त्यांना खोटी आशा दिली नाही. हालचाल सांभाळणारा भाग असतो मेंदूच्या बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, आणि तिथून खाली येणाऱ्या तंतूंमध्ये. कार्बन-१४ च्याच पद्धतीनं २००६ मध्ये दिसलं आहे की माणसाच्या निओकॉर्टेक्समधल्या, म्हणजे याच थराच्या बहुतांश भागातल्या, मज्जापेशी जन्मापासूनच्याच असतात, पुढे त्यांत भर पडत नाही. इथे राकिच बरोबर ठरले. म्हणजे नातू म्हणाला त्यातला अर्धा भाग खरा होता. लकव्यात मेलेल्या पेशींच्या जागी हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशी चालत येणार नाहीत.

त्याचा उरलेला अर्धा भाग मात्र साफ चुकीचा होता. मेंदू सुधारतो तो फक्त नव्या पेशींनी नाही. जखमेच्या कडेला जगलेल्या पेशी नव्या फांद्या फोडतात, नव्या जोडण्या करतात, वापरात नसलेल्या जुन्या जोडण्या बळकट होतात. मायकेल मर्झेनिक आणि जॉन कास यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं होतं की माकडाचं एक बोट काढलं तर मेंदूतली त्याची जागा रिकामी पडून राहत नाही, शेजारच्या बोटांच्या कामाला लागते. प्रौढ माकड होतं ते. आणि एडवर्ड टाउब यांनी दाखवलं की लकव्याचा हात पुष्कळदा जितका गेलेला असतो त्याहून जास्त गेल्यासारखा वागतो. सुरुवातीला प्रयत्न फसतात, माणूस चांगल्या हातानं भागवू लागतो आणि दुसरा हात न वापरायची सवय मेंदूला लागते. त्यावर उपाय म्हणून ते चांगला हात जाडजूड हातमोज्यात अडकवून ठेवतात आणि कमजोर हाताकडून दिवसाचे कित्येक तास काम करून घेतात. २००६ मध्ये या पद्धतीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २२२ रुग्ण, सगळ्यांना लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवड्यांच्या अशा सरावानंतर हात सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. यात एक अट होती. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवी होती. पूर्ण लुळ्या हाताला हा उपाय लागू नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा जितक्या वेगानं होते तितकी नंतर होत नाही, हेही खरं. पण सहा महिन्यांवर कुठलीही भिंत उभी नाही.

हे सगळं आजींना सांगायला मला अर्धा तास लागला. नातू पेन बंद करून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या डाव्या हातात त्यानंच मोजा चढवला. आजींनी समोर संत्री आणून ठेवली. उजव्या हातानं सोलायची. पहिले काही दिवस सालीपेक्षा फोडीच जास्त फाटल्या. त्या हाताला भांड्यातले तुरीचे दाणे एक एक करून उचलायला लावले, नाडी ओढायला लावली, दाराची कडी काढायला लावली. आज आजोबा उजव्या हातानं ताटली धरतात, कठड्याला धरून जिना उतरतात. घास अजून डाव्याच हातानं घेतात. बोटांत पूर्वीची ताकद येईल असं मला वाटत नाही आणि ते मी त्यांना सांगितलं आहे.

एक काळजीची गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगायलाच हवी. मेंदूत नव्या पेशी येतात एवढंच अर्धं वाक्य मुलांपर्यंत पोहोचलं तर ते 'येत नाहीत'पेक्षाही महाग पडू शकतं. लकवा, मतिमंदत्व, ऑटिझम यांवर स्टेम सेलची इंजेक्शनं देतो असं सांगून लाखो रुपये घेणारे लोक आहेत. शेत विकून पैसे उभे केलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर झालेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर करता येत नाही. चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, हेही मुलांना सांगा. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांबद्दलही दोन शब्द बोला, परीक्षेच्या हंगामात आईवडील त्या विकत घेतात.

त्याउलट पायी चालण्याला पुरावा आहे. २०११ मध्ये १२० ज्येष्ठांवरचा एक अभ्यास आला. त्यांतले जे वर्षभर नेमानं चालले त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा घटला. वाढलेला आकार म्हणजे नव्या पेशीच असं त्यावरून म्हणता येत नाही. उंदरांत मात्र धावण्यानं नव्या पेशी वाढतात हे १९९९ पासून माहीत आहे. अंबाझरीला, फुटाळ्याला सकाळी चालणाऱ्या आजी-आजोबांना मुलांनी एवढं सांगितलं तर पुरे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या तुमच्या नीटच्या मुलांनाही ते लागू आहेच.

पहिली तासिका काहालपासून एरिक्सनपर्यंत, दुसरी २०१८ च्या भांडणापासून लकव्यापर्यंत, अशी माझी कल्पना आहे. ती तुम्ही मोडून तुमच्या पद्धतीनं करा, तुम्हाला वर्ग कळतो, मला नाही. चित्रं, काहालची रेखाटनं, सोप्या भाषेतली टिपणं मी मराठीत आणि हिंदीत करून ठेवली आहेत. मागाल त्यांना देईन. एका हातात मोजा घालून दुसऱ्या हातानं संत्रं सोलायचा प्रयोग वर्गात करायचा असेल तर मी स्वतः येईन. उजवा हात वापरणाऱ्या मुलांना तो डाव्या हातानं करायला लावू, म्हणजे पाच मिनिटांत कळेल. सकाळ-संध्याकाळ रुग्णांकडे असते, दुपारी दोन ते साडेचार मोकळी असते. पैसे नकोत. जिथे फॅन चालतो आणि मुलं प्रश्न विचारतात अशा कुठल्याही वर्गात चालेल. क्लासच्या बॅचेस मोठ्या असतात, दोनशे मुलं असली तरी हरकत नाही, फक्त माईकची सोय करा.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट
नागपूर